‘बाबांची नोकरी सरळ होती’

गेली दोन-तीन वर्षं माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडून येतो आहे, “मॅडम, एआय आल्यावर आमचं काय?” हिंजवडीत टेस्टिंग करणारा मुलगा विचारतो. सीएच्या आर्टिकलशिपला लागलेली मुलगी विचारते. दहावीतल्या मुलाची आई तर थेट मागणीच करते, “एआय खाणार नाही अशी एखादी लाइन सांगा.” अशी लाइन माझ्याकडे नाही आणि ती असल्याचा आवही मी आणत नाही. दिलासा घ्यायला आलेल्यांना हे आधी जरा खटकतं.

त्यातली एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, गाभा तोच आहे.

ती रेडिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर. नीट-पीजीत वरचा क्रमांक आला तेव्हा कुठे ही शाखा मिळाली होती. माझ्याकडे आली ती झोप लागत नाही म्हणून. ड्यूटी संपली की रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर एकच शोध चालायचा: रेडिऑलॉजिस्ट लागणार की नाही लागणार?

“एआयचे मोठे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्येच सांगितलंय, रेडिऑलॉजिस्ट घडवणं आता थांबवा. पाच वर्षांत यंत्र पुढे जाईल. आणि या माणसाला २०२४ चं नोबेल मिळालंय, मॅडम.”

“ती पाच वर्षं कधी संपली?”

“२०२१ मध्ये.”

“आणि तू प्रवेश कधी घेतलास?”

ती हसली, पण तेवढ्यापुरतीच. “पाचाची पंधरा होतील. पण होणार तर आहेच ना?”

तिचं चूक नव्हतं. वेळेचा अंदाज चुकला हे पुढे हिंटन यांनीही मान्य केलं, दिशा चुकली असं मात्र ते म्हणाले नाहीत. पुढच्या वेळी ती आणखी तयारीने आली. स्वीडनमधल्या ८० हजारांहून अधिक स्त्रियांच्या मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचा अभ्यास, २०२३ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेला. एआयची मदत घेतल्यावर डॉक्टरांचं फिल्म वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी घटलं आणि कर्करोग सापडण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. “आता बोला,” अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

इथे बरेच जण घसरतात. आई-वडील, मित्र, कधी कधी समुपदेशकही. “अगं, काही होत नाही, डॉक्टर लागतातच,” असं म्हणून मोकळे होतात. घाबरलेल्या हुशार माणसाला असला दिलासा क्षणात खोटा वाटतो आणि तो आणखी एकटा पडतो. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झाले आहे. तिथे भीतीमागची माहिती खरी आहे की खोटी, एवढंच बघून भागत नाही. त्या माहितीवर माणूस कोणती अट चढवतो, ते शोधावं लागतं.

म्हणून मी आकड्यांशी भांडले नाही. एवढंच विचारलं, “हा अभ्यास वाचलास त्याच्या दुसऱ्या दिवशी काय केलंस?”

बराच वेळ गेला. “काही नाही. सरांचं केस डिस्कशन होतं, गेले नाही. वाटलं, शिकून तरी काय उपयोग?”

पंधरा वर्षांनी कदाचित जाईल ते कसब ती आजच सोडून द्यायला निघाली होती, तेही स्वतःच्या हाताने.

मग तिला एका दिवसातली सगळी कामं लिहून आणायला सांगितली. छातीचे एक्स-रे, सीटी, सोनोग्राफी, सोनोग्राफीखाली सुई घालून बायोप्सी, रात्री सर्जनला फोन करून “पेशंट लगेच आत घ्या” म्हणून सांगणं, गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा, गर्भलिंगनिदान-विरोधी कायद्याखालचा फॉर्म एफ भरून सही करणं. त्यातलं आजचं सॉफ्टवेअर काय करू शकतं यावर खूण मी केली नाही, तिनेच केली. खुणा बऱ्याच झाल्या. छातीच्या एक्स-रेत टीबी हुडकायला अशी सॉफ्टवेअर वापरावीत, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२१ मध्ये सुचवलं आहे आणि तिच्या विभागात एक चालूही होतं. पण कितीतरी ओळींपुढे खूण नव्हती. “रेडिऑलॉजी जाणार” या एका भल्यामोठ्या वाक्याचे असे तुकडे झाले की त्यातले काही हातात धरता येतात.

तरी झोप काही आली नाही. कारण खरं दुखणं वेगळ्याच वाक्यात दडलं होतं. ते ती दर भेटीत सहज बोलून जायची: “बाबांची नोकरी सरळ होती.” मी वडिलांना बोलावलं.

सांगलीकडचे गृहस्थ, सरकारी बँकेतून निवृत्त, १९८२ ची भरती. मुलीचं वाक्य ऐकून ते हसायलाच लागले. “सरळ? अगं, आम्ही संगणकाच्या विरोधात गेटवर घोषणा दिल्यात! संगणकाबाबत बँका आणि युनियनचा करार १९८३ ला झाला, तरी आमचा विश्वास नव्हता. शाखेत ते लेजर पोस्टिंगचं यंत्र आलं, एएलपीएम म्हणायचे त्याला, तर मी त्याच्यावर बसायला सरळ नाही म्हणालो. मॅनेजर म्हणाले, नका बसू, दुसरा बसेल. दुसरा बसला. तीन महिन्यांनी मी त्याच्याच शेजारी खुर्ची ओढली.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय, बॅलन्सिंग सुटलं. काही पैशांचा फरक शोधायला रात्र रात्र लेजर उलटायचो, ते गेलं. त्याचं वाईट कोणाला वाटणार? पण २००१ ची व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती आली, तेव्हा धाबं दणाणलं होतं. देशभरात लाखभर लोक बाहेर पडले. आमच्या शाखेतले दोघे गेले. एकाचं बरं चाललं, एकाचं नाही. तू तेव्हा दोन-अडीच वर्षांची होतीस. रात्री गच्चीवर फेऱ्या मारायचो मी.”

“तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत,” ती म्हणाली.

“निभावलं ना. निभावल्यावर कोण सांगत बसतं?”

मी तिच्याकडे वळले. “तू तुझा उद्या आणि बाबांचा काल शेजारी ठेवून बघते आहेस. त्यांच्या गोष्टीचा शेवट तुला ठाऊक आहे, म्हणून ती सरळ दिसते. गच्चीवर फेऱ्या मारणाऱ्या माणसाला तो ठाऊक नव्हता.”

ती रडली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “म्हणजे खात्री त्यांनाही नव्हती.”

या वाक्यासाठीच मी इतक्या भेटी थांबले होते. ते माझ्या तोंडून आलं असतं तर उपदेश ठरला असता. ‘आयुष्यभराची हमी मिळाल्याशिवाय मी कामाला लागणार नाही,’ ही तिची अट होती. अशी हमी ही जुन्या पिढीला मिळालेली सवलत आहे, असं तिला वाटत होतं. सवलत कुणालाच नव्हती हे कळलं आणि अट आपोआप सैल झाली. इतक्या वर्षांच्या कामातून माझं हेच मत पक्कं होत गेलं आहे: नव्या तंत्राच्या भीतीत तंत्र थोडं असतं, हमीचा हट्ट फार.

पुढचं काम सोपं होतं. एआयच्या बातम्या वाचायला रविवारचा एक तास, रात्री नाही. टीबीच्या सॉफ्टवेअरने काय सांगितलं आणि वरिष्ठांनी काय, याची ती वही ठेवू लागली. जुन्या बऱ्या झालेल्या टीबीचे व्रण यंत्र पुष्कळदा नव्या आजारात मोजतं, हे तिला त्या वहीतच दिसलं. भीती गेली नाही. मी ती घालवायला बसलेही नव्हते.

पालकांनी मात्र एक करावं. मुलांना सुरक्षित शाखा शोधून देण्याऐवजी, स्वतःच्या नोकरीत कशाने धाबं दणाणलं होतं ते एकदा सविस्तर सांगावं, निभावलं नाही त्यांच्याबद्दलही.

आणि ज्यांचं काम आजच गेलं आहे, उदाहरणार्थ ज्यांच्याकडे भाषांतराची कामं येणं थांबलं आहे असे काही जण, त्यांना हे काहीही सांगू नये. त्यांचं नुकसान कल्पनेतलं नाही. त्यांच्याशी मी आधी घरखर्चाचा हिशेब मांडते, सहा महिने कसे काढायचे ते बघते. विचारांचं काम त्यानंतर.