डोक्याच्या माराचे दुखणे कान-नाकात

प्रश्न : माझे पती पंधरा दिवसांपूर्वी द्वारका चौकाजवळ दुचाकीवरून पडले. मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये शस्त्रक्रिया करण्यासारखे काही नसल्यामुळे त्यांना तीन दिवसांनी घरी सोडले. आता ते खाली वाकले की डाव्या नाकपुडीतून पाण्यासारखे थेंब गळतात आणि ते खारट लागतात. उजव्या कानाला दडे बसले आहेत. सर्दी समजून वाफ द्यावी का? सासूबाई कानात कोमट तेल घालायचे म्हणतात, ते चालेल का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, वाफ नको, कानात तेल तर मुळीच नको, आणि त्यांना नाकही शिंकरू देऊ नका. हे वाचताच त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालयात किंवा आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखवले तरी चालेल.

नाकाचे छत आणि मेंदू यांच्यामध्ये बारीक छिद्रांचे अतिशय पातळ हाड असते. डोक्याला मार लागून ते तडकले आणि त्यावरचे आवरण फाटले, तर मेंदूभोवतीचे पाणी नाकात झिरपू लागते. सर्दीचे पाणी बहुधा दोन्ही नाकपुड्यांतून येते, चिकट असते आणि वाळल्यावर रुमाल कडक होतो. हे पाणी एकाच बाजूने येते, वाकल्यावर वाढते आणि वाळल्यावर रुमाल मऊच राहतो. थेंब स्वच्छ, कोरड्या बाटलीत गोळा करून सोबत न्या, कारण बीटा-२ ट्रान्सफेरिन या तपासणीने ते मेंदूभोवतीचे पाणी आहे का, हे ठरवता येते. ज्या वाटेने पाणी बाहेर येते त्याच वाटेने जंतू आत शिरून मेंदूच्या आवरणांना सूज येऊ शकते, हा यातला खरा धोका आहे. ताप, तीव्र डोकेदुखी, ताठ मान, उलट्या किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर ओपीडीच्या वेळेची वाट न पाहता १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

तोपर्यंत त्यांना उशा लावून डोके सुमारे ३० अंश वर ठेवून झोपवा, शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून येऊ द्या, आणि शौचाला जोर करावा लागणार नाही, वजन उचलावे लागणार नाही असे पाहा. अपघातानंतरची अशी बहुतेक गळती विश्रांतीने आठ-दहा दिवसांत आपोआप थांबते. त्यांची अजून सुरू असल्यामुळे कदाचित छिद्र बुजवावे लागेल. मात्र आता ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा नाकातूनच दुर्बिणीने होते आणि तिचे यश चांगले आहे.

कानाचा प्रश्न वेगळा आहे. पडद्यामागे नुसते रक्त साचले असेल, तर ते काही आठवड्यांत शोषले जाते आणि ऐकू येणे सुधारते. पडद्यामागची हाडांची साखळी निखळली असेल, तर ती पुढे शस्त्रक्रियेने जोडता येते. पण आतल्या कानालाच इजा असेल, तर गेलेले ऐकणे परत येईलच असे नसते. यांतले नेमके काय झाले ते ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) आणि कानाच्या हाडाचा पातळ छेदांचा सीटी स्कॅन सांगतो. मेंदूच्या साध्या स्कॅनमध्ये हाडातली बारीक फट निसटू शकते, म्हणून आधीच्या ‘नॉर्मल’ अहवालावर विसंबून राहू नका. पडदा फाटलेला असल्यास तेलाबरोबर जंतू आत जातात, हे सासूबाईंना समजावून सांगा. चेहऱ्याची एक बाजू वाकडी होत आहे का, डोळा पूर्ण मिटतो का, हेही रोज पाहा, कारण चेहऱ्याची नस कानाच्या हाडातूनच जाते आणि तिची कमजोरी काही वेळा अपघातानंतर काही दिवसांनी दिसते.

कूस बदलताना क्षणभर गरगरत असेल तर डॉक्टरांना सांगा. बहुतेकदा ते डोक्याच्या विशिष्ट हालचालींनी बरे होते. आवाज बसला असेल किंवा गिळताना दुखत असेल, तर गळाही तपासून घ्या.

त्यांना वास येतो का, हे मात्र तुम्हीच विचारा, कारण रुग्ण ही तक्रार सहसा स्वतःहून करत नाही. वास येत नसेल, तर गॅसची गळती त्यांना कळणार नाही. तेव्हा रात्री रेग्युलेटर बंद करण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी अंगावर घ्यावे.