वाचकांचे प्रश्न: तोड्यापासून काडतुसापर्यंत

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून जुन्या बंदुकांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी पाच या अंकात घेतले आहेत.

प्रश्न (कोरेगाव): जुन्या बंदुकीला कोणी तोड्याची म्हणतो, कोणी चकमकीची, आणि गावात सरसकट ठासणीची म्हणतात. बरोबर कोण?

उत्तर: सगळेच. ‘ठासणीची’ हे नाव बंदूक भरण्याच्या रीतीवरून पडले. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी आणि चिंधीचा बोळा घालायचा आणि गजाने ठासायचे. ‘ठासून भरणे’ या शब्दांत ती क्रिया अजून ऐकू येते. तोड्याची, चकमकीची, टोपीची ही नावे मात्र दारूपर्यंत आग कशी जाते त्यावरून पडली. या तिन्ही तऱ्हा ठासणीच्या बंदुकीत सापडतात.

तोडा म्हणजे सोऱ्याच्या (बंदुकीच्या दारूतल्या मुख्य क्षाराच्या) पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. ती भडकत नाही, सावकाश धुमसत राहते. चाप ओढला की तोडा धरलेला चिमटा नळीच्या बाजूच्या लहान वाटीत उतरतो. वाटीत रंजक, म्हणजे बारीक दाण्याची दारू असते. ती पेटली की ज्वाळा नळीच्या भोकातून, म्हणजे कानातून, आतल्या दारूपर्यंत जाते. कान काजळीने बुजला असेल तर वाटीत नुसता भपका उडतो आणि गोळी जागची हलत नाही. त्यासाठी पुष्कळ तोडेदार बंदुकांना कान साफ करायची बारीक सळई साखळीने अडकवलेली असते. बंदूक पाहाल तेव्हा ही साखळी किंवा तिची कडी जरूर शोधा.

चकमकीची तऱ्हा सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पक्की झाली. घोड्याच्या, म्हणजे चाप ओढताच आपटणाऱ्या खटक्याच्या, जबड्यातला दगड पोलादी पट्टीवर आपटतो, ठिणग्या पडतात, आणि त्याच फटक्याने वाटीचे झाकण उघडते. पेटती दोरी घेऊन दारूच्या पिशवीशेजारी उभे राहणे त्यामुळे टळले, आणि अंधारात शिपायाची जागा उघडी पडेनाशी झाली. एवढे फायदे असूनही आपल्याकडे तोडा एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकला. पुष्कळदा याला मागासलेपणा म्हटले जाते, ते आम्हाला पटत नाही. चकमकीच्या घोड्याला उत्तम पोलादाची कमान (स्प्रिंग) आणि योग्य जातीचा दगड लागतो. तो दगड काही डझन बारांनंतर बोथटतो आणि बदलावा लागतो. तोड्याची कळ गावचा लोहार दुरुस्त करू शके, आणि दोरी घरोघरी होतीच.

टोपीचे श्रेय स्कॉटलंडचे धर्मगुरू अलेक्झांडर फोर्सिथ यांच्या शोधाकडे जाते. शिकारीत रंजकेचा भपका दिसताच पक्षी उडून जात, म्हणून त्यांनी आघाताने पेटणारे रसायन वापरून पाहिले आणि १८०७ मध्ये पेटंट घेतले. पुढे ते रसायन तांब्याच्या लहान टोपीत बसवले गेले. आजच्या काडतुसात टोपी, दारू आणि गोळी एकाच पितळी नळकांड्यात असतात. बार होताना पितळ क्षणभर फुगून नळीला घट्ट बसते. त्यामुळे वायू मागे फुटत नाही, आणि बंदूक मागच्या बाजूने भरता येते.

प्रश्न (पाटण): आमच्याकडचा पाऊस पाहता त्या काळी पावसाळ्यात बंदुका चालत तरी कशा?

उत्तर: फार वाईट चालत. तोडा भिजला की विझतो, आणि वाटीतली रंजक झाकणाच्या फटीतून ओलावा ओढते. शुद्ध सोरा हवेतला ओलावा फारसा घेत नाही, पण नीट न शुद्ध केलेल्या सोऱ्यात मिठासारखे क्षार राहतात. तेच ओल खेचतात. अशा दारूचा बार फुसका निघतो, किंवा चाप ओढल्यावर थोडा थांबून उडतो. हा उशिराचा बार सर्वांत घातक, कारण तोवर माणसाने बंदूक डोळ्यासमोरून हलवलेली असते. म्हणून गडावर दारूकोठार कोरडे राखणे हे मोठे काम असे. मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघनाने सुरू होत, त्याला फुगलेल्या नद्या, चिखल आणि शेतीची कामे ही कारणे होतीच. दारूची ओल हे त्यांतलेच एक.

प्रश्न (विटा): ‘बारा बोअर’ म्हणजे बारा मिलिमीटर का?

उत्तर: नाही. नळीच्या आतल्या व्यासाइतक्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम भरतात, म्हणून बारा. व्यास येतो साधारण १८.५ मिलिमीटर. सोळा बोअरमध्ये एका पौंडात अशा सोळा गोळ्या बसतात, तेव्हा नळी अधिक अरुंद, सुमारे १६.८ मिलिमीटर. आकडा वाढला की नळी बारीक होते, ते यामुळे. ‘चारशे दहा’ला हा हिशेब लागू नाही. ते ०.४१० इंच हे थेट माप आहे.

प्रश्न (मिरज): घरातल्या परवान्याच्या जुन्या दुनळीवर लाटांसारखी नक्षी आहे. ती कोरलेली दिसत नाही. आजची काडतुसे चालतील का?

उत्तर: चालवू नका. ती नक्षी धातूतच आहे. लोखंड आणि पोलादाच्या कांबी एकत्र पिळून, दांड्याभोवती वेटोळे घालून, तापवून ठोकून अशी नळी घडवत. म्हणजे तिच्या अंगभर सांधे असतात. एखाद्या सांध्यात आतून गंज शिरला असला तरी वरून दिसत नाही. ती घडली काळ्या दारूच्या, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळशाच्या जुन्या दारूच्या, दाबासाठी. बिनधुराची दारू १८८४ मध्ये फ्रान्समध्ये निघाली. तिच्या काडतुसांचा दाब अशा नळीला फाडू शकतो.

काळ्या दारूचे निम्म्याहून अधिक वजन जळल्यावर वायू न होता घन कण म्हणून उरते. काही धुरातून जाते, काही नळीत चिकटते. त्यातले क्षार ओल धरतात आणि गंज चढवतात. नुसते तेल फिरवून ते निघत नाहीत, कारण ते विरघळतात पाण्यात. काळ्या दारूची नळी आधी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मग तेल देतात. तुमच्या गावात हे ज्ञान नवे नाही. मिरजेची तंतुवाद्ये घडवणारी घराणी मूळची शस्त्रे घडवणाऱ्या-उजळणाऱ्या शिकलगारांची.

प्रश्न (वाई): वाडा उतरवताना माळ्यावर ठासणीची बंदूक सापडली. काय करावे?

उत्तर: ती भरलेली आहे असेच धरून चाला. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेटते. अमेरिकेत १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावर भरलेल्या हजारो बंदुका मिळाल्या, आणि कित्येकींत एकावर एक अनेक बार ठासलेले होते. बाहेरून काहीच कळत नाही.

तोंड माणसांपासून दूर, भिंतीकडे ठेवा. जवळ विडी, दिवा, वेल्डिंग नको. घोडा, चाप, टोपी यांना हात लावू नका, नळीत डोकावू नका. ती भरलेली आहे का हे ओळखायची जुनी रीत म्हणजे बारीक लाकडी काठी. तोंडासमोर न येता ती हलकेच आत सोडून खूण करतात आणि तेवढी लांबी नळीच्या बाहेरून मोजतात. काठी कानापर्यंत पोहोचली तर नळी बहुधा मोकळी. दोन-चार बोटे अलीकडे थांबली तर आत काहीतरी आहे. जाणकार नसेल तर हेही करू नका. आत असलेले उकरून काढणे तर घरी कधीच नाही.

पोलीस ठाण्याला लेखी कळवा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात, दुरुस्ती करूनही चालू न शकणाऱ्या कालबाह्य किंवा पुरातन हत्याराला सूट आहे. पण आपली बंदूक त्यात बसते की नाही हे घरमालकाने ठरवायचे नाही. शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही.

ठेवायची परवानगी मिळाली तर पॉलिश पेपर, लिंबू, चिंच यांपैकी काहीही लावू नका. सैल गंज मऊ फडक्याने पुसा आणि लोखंडाला पातळ तेलाचा हात द्या. आंबट लावले की चांदीची तार भरलेली नक्षी उचकटते, आणि नळीवर फारसीत किंवा मोडीत काही खोदलेले असेल तर घासण्यात तेही पुसले जाते.