परदेशातला स्वस्त एसएसडी नागपुरात कितीला पडतो?

प्रश्न : मानेवाड्यात माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत एकेका लग्नाचे फोटो-व्हिडिओ मिळून दोनशे-अडीचशे जीबी होतात आणि हार्ड डिस्कवर एडिटिंग फार रखडतं. १ टीबीचा एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारचा, एसएसडी (फिरती तबकडी नसलेला, चिपवर डेटा साठवणारा ड्राइव्ह) टाकायचा आहे. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पक्क्या बिलासह ११,५०० रुपये सांगितले. तोच ड्राइव्ह एका अमेरिकन साइटवर सवलतीत ८९ डॉलरला आहे आणि ती साइट भारतात पाठवतेही. सवलत लवकरच संपणार आहे. ताई, मागवून टाकू का? (सोबत साइटच्या शेवटच्या पानाचा फोटो जोडला आहे.)

उत्तर : भाऊ, मागवू नका. बर्डीवरूनच घ्या.

तुम्ही शेवटच्या पानाचा फोटो पाठवलात हे फार चांगलं केलं, कारण खरी किंमत तिथेच कळते. ८९ डॉलर वस्तूचे, १४ डॉलर पाठवणीचे आणि ३४ डॉलर आयात शुल्काची अनामत, म्हणजे झाले १३७. सीमाशुल्क फक्त वस्तूवर लागत नाही. भाडं आणि विमा धरून जी रक्कम होते तिच्यावर लागतं, आणि मग ते शुल्क मिळवून आलेल्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, लागतो. काही साइट ही रक्कम आधी मागत नाहीत. तिथे कुरिअरवाला दारात आल्यावर मागतो आणि माणूस गांगरतो. शुल्क वाचवायला बिलावर ‘गिफ्ट’ लिहून घेण्याचा सल्ला अजूनही लोक देतात. भेटवस्तूंची ती सूट डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं यांच्यापुरतीच उरली आहे. आणि खोटं लिहून घेणं तसंही गैरच.

आता कार्डाचं बघा. परदेशी चलनातल्या खर्चावर बँक मार्कअप, म्हणजे जादा आकार, लावते, बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्के धरले तर तुमचे आणखी साडेपाच डॉलर गेले. हिशेबाला सोपं म्हणून डॉलर ९० रुपयांना धरू. १२,८०० च्या वर रक्कम गेली की नाही? म्हणजे जो ड्राइव्ह साडेतीन हजारांनी स्वस्त दिसत होता, तो तेराशेनं महाग पडतो.

अजून एक गोष्ट, जी बरेच स्टुडिओवाले विसरतात. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि तुम्ही कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या) नसाल, तर बर्डीच्या बिलात आपला जीएसटी क्रमांक टाकून घ्या. ११,५०० मध्ये १८ टक्क्यांप्रमाणे सुमारे १,७५० रुपये कर आहे, त्याचं क्रेडिट तुम्हाला मिळतं, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून तेवढी रक्कम वजा होते. आधार दाखवून वैयक्तिक वापरासाठी सोडवलेल्या पार्सलवर ते मिळत नाही. धंद्यासाठी रीतसर आयात करायची तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा, क्रमांक काढावा लागतो. एका ड्राइव्हसाठी ते कोणी करू नये.

पण समजा, हिशेब बरोबरीत सुटला असता, तरीही मी नकोच म्हटलं असतं. कारण वॉरंटी. पाच वर्षांची वॉरंटी खोक्यावर छापलेली असते, पण बऱ्याच कंपन्या ती ज्या देशात माल विकला तिथेच पाळतात. इथल्या सेवा केंद्रात सीरियल नंबर टाकला की तो अमेरिकेचा निघतो आणि ड्राइव्ह परत तुमच्या हातात. मग स्वतःच्या खर्चाने तिकडे पाठवा, बदली नग येताना कस्टम्सला पुन्हा कागद दाखवा. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर असे ड्राइव्ह येतात आणि त्यांच्या मालकांना नाही म्हणताना मला खरोखर वाईट वाटतं. दुकानातून घेतानाही खोकं उलटून बघा : आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष असलेलं लेबल हवं. वेष्टनबंद आयात मालावर ते कायद्याने बंधनकारक आहे. लेबल नसेल तर तो माल कोणीतरी बॅगेतून आणलेला आहे असं समजा आणि दुसरं दुकान गाठा.

कोणता घ्यावा? तुमच्या कामाला टीएलसी प्रकारच्या (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) चिपचा घ्या, क्यूएलसी नको. क्यूएलसीत एका पेशीत चार बिट कोंबलेले असतात, त्यामुळे ती स्वस्त पडते. पण लिहायला हळू असते. सुरुवातीचे काही जीबी झपाट्याने जातात कारण ते ड्राइव्हच्या वेगवान कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, पडतात. कॅश भरली की वेग कोसळतो, काही ड्राइव्हमध्ये तर हार्ड डिस्कच्याही खाली. कॅमेऱ्याच्या कार्डावरून एका दमात दोनशे जीबी उतरवणाऱ्या माणसाला हे रोज भोगावं लागेल. फक्त मॉडेलच्या नावावर जाऊ नका. क्रूशियल कंपनीचा पी२ आधी टीएलसीचा होता. २०२१ मध्ये त्याच नावाखाली क्यूएलसी चिपचा यायला लागला. दुकानदाराला विचारा, कंपनीच्या माहितीपत्रकात टीबीडब्ल्यू हा आकडा बघा. आयुष्यभरात किती टेराबाइट लिहून होतील याची ती हमी असते. १ टीबीला ६०० च्या आसपास असेल तर निश्चिंत घ्या. आणि हो, मदरबोर्डावरचा (कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवरचा) स्लॉट पीसीआयई या जोडणीच्या जुन्या ३.० पिढीचा असेल तर ४.० चा ड्राइव्ह चालेल, पण ३.० च्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण ३,५०० एमबीपर्यंत. त्याहून जास्तीचे पैसे वाया.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते सांगते. हार्ड डिस्क जाण्याआधी बहुतेक वेळा आवाज करते, अडखळते, थोडा वेळ देते. एसएसडी पुष्कळदा काही न सांगता जातो. काल चालत होता, आज कॉम्प्युटरला दिसतच नाही. वॉरंटीत नवा ड्राइव्ह मिळतो, त्यातलं लग्न मिळत नाही. डिलीट झालेल्या फायली ट्रिममुळे, म्हणजे मोकळी झालेली जागा आपोआप साफ करण्याच्या सोयीमुळे, पुसल्या जातात, त्यामुळे हार्ड डिस्कवरून जसं परत काढता येतं तसं इथे सहसा जमत नाही. कोणाच्या तरी आजीचा शेवटचा फोटो त्या लग्नात असतो, भाऊ. म्हणून जुनी हार्ड डिस्क विकू नका. एडिटिंग एसएसडीवर करा आणि मूळ फायलींची एक प्रत हार्ड डिस्कवर, एक घरी वेगळ्या जागी ठेवा. कार्ड त्यानंतरच फॉरमॅट करा.

काम झालेला एसएसडी कपाटात टाकून तोच बॅकअप समजू नका. जेडेक या चिप उद्योगाच्या संस्थेच्या मानकाप्रमाणे घरगुती वापराच्या एसएसडीने आपली लेखनक्षमता संपल्यावर, वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष डेटा टिकवायला हवा. नवा ड्राइव्ह याहून पुष्कळ जास्त टिकवतो. पण आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीतल्या लोखंडी कपाटात ३० अंश कुठे असतात? उष्णता वाढली की ही मुदत घटते. कॉम्प्युटरमध्येही त्याला हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी, लावाच, नाहीतर तापला की स्वतःहून वेग कमी करतो. मदरबोर्डासोबत आलेली पट्टी पुरते. तिच्या आतलं प्लास्टिक मात्र काढा, तसंच राहून गेलेलं मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

प्रश्न : मी त्रिमूर्तीनगरला राहते, इंजिनिअरिंगला आहे. माझा मावसभाऊ दिवाळीला अमेरिकेहून येतो आहे. त्याच्याकडून एसएसडी मागवला तर? माझा लॅपटॉप २०१७ चा आहे.

उत्तर : आणू दे की. सोबतच्या सामानात एखादा नग सहज बॅगेज सवलतीत बसतो, त्यामुळे वरच्या हिशेबातलं शुल्क आणि भाडं दोन्ही वाचतं. फक्त तिकडच्या किमतीत राज्याचा विक्रीकर धरलेला नसतो, तो त्याला विचारून मिळव. वॉरंटीचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

पण बाळा, आधी लॅपटॉप उघडून बघ किंवा दुकानात दाखव. २०१७ च्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये एम.२ स्लॉट (पट्टीसारखा ड्राइव्ह बसवायची खाच) दिसतो, पण तो फक्त साटा या जुन्या, हळू जोडणीचा असतो. त्यात एनव्हीएमई ड्राइव्ह बसतो खरा, पण दिसत नाही. लांबीही बघ, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. अडीच इंची साटाच लागत असेल तर दादाला त्रास देऊ नकोस. साटाची धाव सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास संपते, त्यासाठी सातासमुद्रापारचा माल कशाला? इथेच घे.

दादाला सांग की साइटने स्वतः विकलेलाच नग घे, तिथल्या बाहेरच्या विक्रेत्याकडचा नको, आणि आल्या आल्या त्यानेच खोकं फोडून तपासावा म्हणजे परतीची मुदत हातची जाणार नाही. तपासायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर आहे. नव्या ड्राइव्हमध्ये चालू तास आणि लिहिलेला डेटा जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. शेकडो तास दिसले तर वापरलेला आहे. सवलतीत बहुतेक जुना साठा निघतो, म्हणून फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) आधी अद्ययावत कर. सॅमसंगच्या ९८० प्रोच्या २ टीबी ड्राइव्हमधले काही जुन्या फर्मवेअरमुळे अचानक लिहिणंच बंद करत होते. अपडेट आधी टाकलेले वाचले. आणि १ टीबी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसतो, ती फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नवा ड्राइव्ह टाकताना पुढची सिस्टीम कोणती हेही कॉलेजमधल्या कोणाशी बोलून ठरव.

प्रश्न : महालातून लिहितो आहे. परदेशी साइटवरून १६ टीबीचा पोर्टेबल एसएसडी दोन हजारांत आला. कॉम्प्युटर १६ टीबी दाखवतो. नातवंडांचे सगळे फोटो त्यात टाकले. आता काही फोटो उघडत नाहीत.

उत्तर : काका, आधी हे करा : मोबाइलमधून आणि जुन्या कॉम्प्युटरमधून ते फोटो डिलीट केले नसतील तर आता अजिबात करू नका. आणि या ड्राइव्हवर नवीन काहीही टाकू नका. जे उघडतंय ते आजच दुसरीकडे उतरवून घ्या.

अशा डब्यात एखादं लहान मेमरी कार्ड असतं आणि त्याचं फर्मवेअर १६ टीबी असल्याचं खोटं सांगतं. जागा संपली की नवा फोटो जुन्याच्या अंगावर लिहिला जातो किंवा हवेत जातो. नाव दिसतं, आत काही नसतं. दोन हजारांत १६ टीबी कुठेच मिळत नाही. फोटो दुसरीकडे उतरवून झाल्यावर एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर रिकाम्या ड्राइव्हवर चालवा, खरी क्षमता किती ते कळेल. त्या निकालाचा आणि साइटवरच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेला लेखी कळवून व्यवहारावर हरकत घ्या, उशीर करू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

या पार्सलच्या निमित्ताने ‘तुमचा माल कस्टम्समध्ये अडकला आहे, या लिंकवर पैसे भरा’ असा संदेश किंवा फोन आला तर लिंक उघडू नका, ओटीपी सांगू नका. कुरिअरच्या मूळ साइटवर आपला ट्रॅकिंग क्रमांक टाकून बघा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. फोटो उतरवायला जमत नसेल तर ड्राइव्ह तसाच, न पुसता, जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन जा आणि त्याच्यासमोर बसून काम करून घ्या.