वसतिगृहातली मुलगी आणि हातातून न सुटणारा फोन

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात वसतिगृहात राहून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. दिवाळीत घरी आली तेव्हा फराळाला बसतानाही तिच्या हातातला फोन सुटत नव्हता. रागावले, तर म्हणाली, "फोन बंद ठेवला तर वर्गातलं सगळंच माझ्या हातून जाईल." हे व्यसन समजायचे का? फोन काढून घ्यावा का? – एक आई, लातूर जिल्हा

उत्तर : मुलीचे उत्तर बहाणा म्हणून सोडून देऊ नका, त्यात बरेच तथ्य आहे. २०२०च्या टाळेबंदीत वर्ग फोनवर भरू लागले आणि महाविद्यालये पुन्हा उघडल्यावरही पुष्कळसा कारभार तिथेच राहिला. तास रद्द झाल्याची सूचना, नोट्स, प्रात्यक्षिकाची वेळ हे सारे व्हॉट्सॲपच्या गटावर येते. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्जही ओटीपीवाचून पुढे सरकत नाही. त्या गटावर शंभर निरर्थक संदेशांमध्ये कामाचा एखादाच असतो आणि तो कधी येईल ते ठाऊक नसल्याने प्रत्येक वेळी फोन पाहावा लागतो.

दुसरे कारण सोबतीचे आहे. गावाकडून आलेल्या मुलीला शहरात नवी माणसे जोडायची असतात आणि चहाला कुठे जमायचे इथपासूनचे बेत फोनवरच ठरतात. ज्याला बोलावले नाही, त्यालाही इन्स्टाग्रामवर त्या बेताची छायाचित्रे दिसतातच. आपल्याला वगळून काहीतरी चालले आहे, या धास्तीचे मोजमाप करणारे संशोधन मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू शिबिल्स्की व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांची आपलेपणाची, स्वतःच्या क्षमतेची आणि स्वतः निर्णय घेण्याची गरज कमी भागते, त्यांच्यात ही धास्ती अधिक आढळली. त्यात व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणांची भर पडते. वैयक्तिक संभाषणात त्या बंद करता येतात, गटात येत नाहीत. त्यामुळे वाचूनही उत्तर न देणारी मुलगी शिष्ट ठरते.

तिसरे कारण आपल्या घरात असू शकते, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. मुलगी परगावी असली की आईवडील दिवसातून अनेकदा फोन करतात, उचलला नाही तर घाबरतात, ती कुठे आहे हे नकाशावर पाहत राहतात. मुलाच्या बाबतीत इतकी चौकशी बहुधा होत नाही. काळजी खरी आहे, पण फोन सतत जवळ ठेवायची शिस्त तिला आपणच लावतो आणि सुट्टीत तोच फोन पाहून रागावतो.

तेव्हा फोन काढून घेऊ नका, त्याने ती एकटी पडेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे, स्मार्टफोनच्या व्यसनाची स्वतंत्र नोंद नाही. सवय सगळ्यांची मिळून लागलेली असल्याने एकटीच्या निश्चयावर ती सुटणे कठीण असते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास मोबाइल व टीव्ही बंद ठेवले जातात. सगळेच बाजूला ठेवतात, म्हणून कुणाचे काही चुकत नाही. (महाविद्यालयात भोंगा वाजवावा असे सुचवत नाही!) पण वर्गप्रतिनिधीने सूचना सायंकाळी एकाच ठरलेल्या वेळी द्याव्यात, तातडीचे असेल तर थेट फोन करावा, आणि खोलीतल्या मैत्रिणींनी जेवताना व झोपताना सर्वांचे फोन दूर ठेवावेत, एवढे मुलगी मैत्रिणींना नक्की सुचवू शकेल. घरच्या फोनचीही एकच वेळ तिच्याशी बोलून ठरवा आणि मधे तिने उत्तर दिले नाही तर जाब विचारू नका.

मात्र झोप उडाली असेल, तास बुडू लागले असतील किंवा ती उदास, अबोल झाली असेल, तर महाविद्यालयातील समुपदेशकांना भेटण्यास सांगा. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी सल्ला देणारी शासनाची मोफत सेवा चोवीस तास उपलब्ध असून तिथे मराठीतूनही बोलता येते.