मिशनरी म्हणून ब्राझीलला निघायला पंधरा दिवस उरलेत, भाषा कशी पक्की करावी?

तुम्ही लिहिलंय, धाकटा भाऊ मिशनरी म्हणून ब्राझीलला निघालाय, पुण्यात सहा महिने पोर्तुगीज शिकलाय, 'प्रवचन तोंडपाठ आहे, पण क्रियापदं अजून चुकतात', तर शेवटच्या पंधरा दिवसांत कोणतं ॲप किंवा व्याकरणाचं पुस्तक धरावं आणि तो तयार झाला हे ओळखावं कसं. ॲपचं इतर कोणीही सांगेल. मला त्या तोंडपाठ प्रवचनाबद्दल बोलायचंय. माझंही तोंडपाठ होतं.

मी वसईचा. १९९४ च्या पावसाळ्यात आम्ही तिघे तरुण धर्मगुरू मोझांबिकला जाण्याआधी गोव्यात पोर्तुगीज शिकत होतो. तिथलं यादवी युद्ध १९९२ च्या ऑक्टोबरात रोममध्ये झालेल्या करारानं थांबलं होतं. बंद पडलेली मिशन केंद्रं उघडत होती, माणसं हवी होती, म्हणून सगळं घाईत चाललेलं. पाच महिन्यांत भाषा उरका, असा निरोप. ऑगस्ट संपता संपता पिवळ्या तापाची लस टोचून झाली होती, पासपोर्टवर व्हिसा बसला होता आणि विमान अकरा दिवसांवर आलं होतं.

आम्ही राहायचो त्या धर्मगुरूंच्या घराचे प्रमुख फार शिस्तीचे. नाव घेत नाही. शेवटच्या महिन्यात मराठी, कोंकणी, इंग्रजी सगळं बंद, जेवणाच्या टेबलावरसुद्धा. आणि शेवटच्या आठवड्यात प्रत्येकानं दहा मिनिटांचं प्रवचन पाठ करून तिघा परीक्षकांपुढे म्हणायचं. त्याचा अहवाल वर जाणार. मला बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला आला होता. 'हा माझा मुलगा मेला होता, तो पुन्हा जिवंत झाला आहे.' पोर्तुगीजमध्ये मी ते झोपेतही म्हणू शकलो असतो. आमच्या तिघांत माझा पाठ सर्वांत स्वच्छ होता आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

प्रमुखांच्याच ओळखीनं आठवड्यातून एकदा आम्ही पणजीत फोंतेन्हासमधल्या एका बाईंकडे संभाषणाला जायचो. सत्तरी ओलांडलेल्या. लहानपण आणि निम्मं आयुष्य लोरेंसु मार्किशमध्ये गेलेलं, म्हणजे आजचं मापुतो. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालायचा, आणि त्यानंतरही गोंयकारांची ये-जा थांबली नव्हती. त्यांचे वडील तिकडे सरकारी नोकरीत होते. १९७५ साली देश स्वतंत्र झाल्यावर हे कुटुंब परत आलं. तिकडची भाषा, तिकडचे लोक यांची त्यांच्याइतकी जवळून माहिती असलेलं माणूस आम्हाला गोव्यात दुसरं मिळालं नसतं.

त्या दिवशी मी एकटाच गेलो. सोबतचे दोघे तापानं पडले होते. पाऊस एवढा की जिन्यापर्यंत पाणी आलेलं. बाईंनी चहा दिला, बशीत दोदोलचे दोन तुकडे ठेवले. मी पहिल्याच वाक्यात त्यांना 'वोसे' म्हणालो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं: माझ्या वयाच्या बाईला 'आ सेन्योरा' म्हणायचं, वोसे नाही. आपल्याकडे परक्या आजीला कोणी अरे-तुरे करेल का? पण आमच्या पुस्तकात वोसे म्हणजे 'तुम्ही' एवढंच छापलं होतं आणि मी पाच महिने तेच घोकलं होतं.

मग त्या हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. मला त्यातलं 'आज' कळलं, 'एक वर्ष' कळलं, 'माझा नवरा' कळलं. शेवटचा शब्द होता 'फलेसेउ'. तो मी कधी ऐकलाच नव्हता. ओळखीचे तीन शब्द जोडून मी अर्थ लावला, लग्नाचा वाढदिवस वगैरे असेल. मोकळेपणानं हसून म्हणालो, "मुइंतु बैं! पाराबेंश!" म्हणजे छान, अभिनंदन.

फलेसेउ म्हणजे वारले.

मला 'मुर्रेउ' येत होतं, मेला. पाठ केलेल्या प्रवचनात तोच शब्द होता. नवरा गेलेली बाई 'मेला' म्हणत नाही, 'वारले' म्हणते, 'गेले' म्हणते, हे मराठीत मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. पोर्तुगीजमध्येही तसंच असेल, हे डोक्यातच आलं नाही. आणि सगळं समोर होतं! बाई काळ्या पोशाखात होत्या. ओरातोरपुढे, म्हणजे घरातल्या वेदीपुढे, एका माणसाचा फोटो होता आणि मेणबत्ती तेवत होती. पण डोळे मी बंदच ठेवले होते. सगळा जीव कानांत, आणि कान फक्त पाठ केलेले शब्द शोधत होते.

बाईंनी माझ्या हातातला कप काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि कोंकणीत म्हणाल्या, "पुता, म्हजो घोव अंतरला म्हूण सांगलें हांवें." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. मला काहीही बोलता येईना. पोर्तुगीजमध्ये सांत्वनाचा एक शब्द मला ठाऊक नव्हता. पाच महिने शिकून, जिथे सोळा वर्षं लढाई चालली आणि घराघरातलं कोणी ना कोणी गेलेलं, अशा देशात मी दुसऱ्याच्या दुःखावर काय बोलायचं हे न शिकताच निघालो होतो.

त्यांनीच शिकवलं. "उश मेउश सेन्तिमेन्तुश." एवढंच. अक्षरशः 'माझ्या भावना', पण त्यात सगळं येतं. हे म्हणायचं, हात हातात घ्यायचा आणि खाली बसायचं. पुढे पवित्र शास्त्रातलं काही लगेच सुरू करायचं नाही, हेही त्यांनी बजावलं. त्यांच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला एका तरुण धर्मगुरूनं ते केलं होतं.

त्यानंतर उरलेले दिवस मी रोज दुपारी त्यांच्याकडे गेलो. प्रवचनाच्या तालमीची वेळ तीच होती, त्यामुळे तालीम बुडाली. बाईंनी पुस्तक उघडूच दिलं नाही. पोदेर आला की पाव मी घ्यायचा. शेजारीण आली की तिची विचारपूस मी करायची. दाराशी उभं राहून आत येऊ का, हे कसं विचारतात. वाढलेलं नको असेल तर कोणाचं मन न दुखवता नाही कसं म्हणतात. समजलं नाही तर मान न डोलवता 'नाउं पर्सेबी', मला कळलं नाही, असं सरळ कसं सांगतात. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. कळल्यासारखं हसायची सवय हाडात मुरलेली.

आणि त्यांनी मराठी बंद केली नाही. उलट म्हणायच्या, तुझ्या घरच्या शब्दांत शोध. चावी, साबण, बटाटा, पाव, घमेलं, लिलाव, नाताळ, हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आलेले. वसई १५३४ ते १७३९ त्यांच्या ताब्यात होती, पण माझ्या आजीच्या तोंडचे निम्मे शब्द मला लोरेंसु मार्किशमध्ये वाढलेल्या बाईंनी ओळखून दाखवले. 'पगार' हा तिकडे 'पैसे देणे' आहे, हे कळल्यावर ते क्रियापद मी पुन्हा कधी विसरलो नाही. मराठी तोंडातून काढून टाकली म्हणजे पोर्तुगीज आत शिरते, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. भाऊ रात्री घरी फोन करून मराठीत बोलत असेल तर बोलू द्या.

परीक्षेत मी दोनदा अडखळलो. अहवालात 'भाषेची तयारी अपुरी' असा शेरा आला. मी प्रमुखांना फोंतेन्हासमधला प्रसंग सांगितला. ते म्हणाले, "सांत्वनाचे शब्द तिकडे गेल्यावर आपोआप येतील. प्रवचन मात्र आधी यायला हवं. तू धर्मगुरू म्हणून चाललायस." मी म्हणालो, उलट आहे. प्रवचन लिहून, कागद समोर धरून वाचता येतं. कोणी दारात रडत उभं असताना कागद काढता येत नाही. त्यांनी थॉमस स्टीफन्सचं नाव काढलं, त्या इंग्रज माणसानं मराठीत हजारो ओव्या रचल्या आणि तुला दहा मिनिटांचा पाठ जमेना! तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता देतो. स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापलं गेलं. मधल्या ३७ वर्षांतली बहुतेक वर्षं ते गोव्यातल्या साष्टीच्या गावांत राहिले होते, लोकांत मिसळले होते. ती भाषा त्यांना लोकांच्या घरांतून मिळाली. तुम्ही त्यांची ओवी दाखवली आणि ती वर्षं झाकून ठेवलीत.

मोझांबिकच्या नांपुला प्रांतात पोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एका गावात मलेरियानं एक मूल गेलं. गावातल्या ख्रिस्ती समूहाचा प्रमुख, त्याला तिकडे आनिमादोर म्हणतात, मला त्या घरी घेऊन गेला. आई चटईवर बसलेली, डोक्यावरून कापुलाना, म्हणजे तिकडच्या बायका गुंडाळतात ते कापड, ओढलेली. मी म्हणालो, उश मेउश सेन्तिमेन्तुश. तिनं वर पाहिलं नाही. तिला पोर्तुगीज येतच नव्हती. तिकडे घरात मखुवा बोलतात, पोर्तुगीज शाळेत आणि कचेरीत. आनिमादोरनं माझं वाक्य मखुवात सांगितलं. मी खाली बसलो आणि गप्प राहिलो. संध्याकाळपर्यंत बसलो. निघताना मी आनिमादोरला विचारलं, अशा वेळी तुमच्या भाषेत काय म्हणतात? त्यानं शिकवलं ते मी वहीत लिहिलं आणि पुढच्या अकरा वर्षांत फार वेळा वापरलं. पहिल्या महिन्यात त्या वहीत 'सलामा' आणि 'कोशुकुरू', नमस्कार आणि आभार, यांच्या खालोखाल तेच होतं. उधळ्या पुत्राचं प्रवचन मात्र मी पहिलं वर्षभर कुठेच दिलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं, जेवढं जमेल तेवढं. भाऊ ज्या घरात जाऊन राहणार आहे, तिथल्या स्वयंपाकिणीशी किंवा शेजारच्या एखाद्या आजीशी रोज अर्धा तास व्हिडिओ कॉल करायला सांगा. वरिष्ठांशी नको, ते त्याच्यासाठी हळू आणि शुद्ध बोलतील. आजारी माणसाला काय विचारतात, मयताला काय म्हणतात, बाळ झालं तर काय म्हणतात, नको कसं म्हणतात, कळलं नाही हे कसं सांगतात. क्रियापदांचा वर्तमान आणि साधा भूतकाळ पुरे. बाकीचे काळ तिथे बसतील.

माझं सगळं मोझांबिकचं आहे, हे लक्षात ठेवा. ब्राझीलमध्ये उच्चार वेगळे. आमचं 'बों दिया' तिकडे बहुतेक ठिकाणी 'बों जीया' होतं, शेवटचा 'श' अनेक भागांत 'स' होतो. 'वोसे' तिकडे रोजच्या बोलण्यातलं, त्यात अपमान नाही, तरी म्हाताऱ्या माणसांना 'ओ सेन्योर', 'आ सेन्योरा' म्हणणंच बरं. 'नाउं पर्सेबी'ऐवजी तिकडे 'नाउं एन्तेन्दी' म्हणतात. ॲमेझॉनच्या बाजूला पाठवणार असतील तर तिथे आदिवासींच्या स्वतःच्या भाषा आहेत, हेही आधीच विचारून घ्या. आणि प्रमुखांचं एक म्हणणं बरोबर होतं, तेही सांगतो: दुसऱ्या महिन्यात मी तयारी न करता प्रवचन दिलं आणि एका वाक्यात अर्थाचा अनर्थ केला. तेव्हा प्रवचन लिहून न्यावं, आधी कोणाकडून तपासून घ्यावं. पाठ करू नये.

तो तयार आहे का, हे ओळखायचं असेल तर आज रात्री जेवताना त्याला विचारा, 'वारले' याला पोर्तुगीजमध्ये काय म्हणतात. सांगता आलं नाही तर प्रवचनाचा कागद पेटीत टाकायला लावा आणि उद्यापासून ते व्हिडिओ कॉल सुरू करा.