मासे भाजायला आणि टिकवायला विजेवर चालणारं एकच यंत्र बनवायचंय. हीटर किती वॅटचा घ्यावा, कोणता धातू वापरावा?

पेटी एकच चालेल, पण भाजणं आणि टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत हे धरूनच आराखडा काढा. भाजलेला मासा आतून ओलाच असतो. फ्रिजबाहेर तो टिकत नाही. टिकवायचं म्हणजे त्यातलं पाणी काढायचं, शक्यतो आधी मीठ लावून. त्यामुळे वॅट ठरवण्याआधी पाणी मोजा.

समजा, साफ केलेला मासा 10 किलो आहे. त्यात साधारण 75 टक्के पाणी, म्हणजे कोरडा भाग अडीच किलो. ओलावा 15 टक्क्यांवर आणला की वजन तीन किलोच्या किंचित खाली येतं, म्हणजे सात किलो पाणी वाफ होऊन जायला हवं. एक किलो पाण्याला साधारण 2,400 किलोज्यूल लागतात, म्हणून सात किलोला विजेची पावणेपाच युनिट (एक युनिट म्हणजे 3,600 किलोज्यूल). हा झाला कागदावरचा हिशोब. गरम हवा बाहेर जाते, भिंती तापतात, म्हणून दुप्पट धरा. 20 तासांत काम उरकायचं तर सरासरी अर्धा किलोवॅट पुरतो. सुरुवातीला पाणी भराभर निघतं, म्हणून एक ते दीड किलोवॅटचा फिनवाला (उष्णता हवेला देणाऱ्या पातळ पात्यांचा) हीटर हवेच्या वाटेत बसवा. भाजायला मात्र 200 अंशांच्या आसपासची थेट आच लागते, तिथे दोन-तीन किलोवॅटचं वेगळं एलिमेंट हवं. दोन्ही एकाच वेळी सुरू होणार नाहीत असं वायरिंग करा.

सुकवताना घाई नडते. पहिले काही तास हवा 40 अंशांच्या वर नेली तर पृष्ठभाग शिजून कडक होतो आणि आतलं पाणी अडकतं. असा मासा बाहेरून छान कोरडा दिसतो आणि आतून सडतो. तापमान नंतर हळूहळू 50-55 पर्यंत न्या. माझ्या मते इथे हीटरपेक्षा पंखा महत्त्वाचा. ट्रेवरून सेकंदाला एक ते दोन मीटर वेगाने हवा फिरावी आणि दमट हवा बाहेर सोडायला झडप असावी. शेवटच्या ट्रेला नेहमी ओलसर हवाच मिळते, म्हणून मधूनमधून ट्रे बदला.

भाजायचं एलिमेंट माशाच्या वर ठेवा, खाली नको. तापलेल्या कॉइलवर तेल ठिबकलं की धूर होतो, ते पेटही घेतं, आणि त्या धुरात बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं असतात. युरोपीय संघात धुरी दिलेल्या माशासाठी त्याची मर्यादा किलोला 2 मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. खाली तेल गोळा करायला ट्रे हवाच. धुरी द्यायची असेल तर लाकूड वेगळ्या डब्यात धुमसू द्या आणि धूर नळीने आत आणा.

धातूत कंजुषी नको. मीठ आणि वाफ एकत्र आली की गॅल्व्हनाइज्ड पत्रा गंजतोच. ट्रे 316 स्टेनलेसचे (मिठाला जास्त टिकणारा प्रकार), बाहेरचं कवच साध्या 304 स्टेनलेसचं चालेल. अर्थिंग आणि 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) अनिवार्य. पंखा फिरत नसेल तर हवेचा हीटर लागताच कामा नये, आणि कंट्रोलरपासून स्वतंत्र असा थर्मल कटआउट (फार तापलं की वीज तोडणारा स्विच) ठेवा. बरेच दिवस बंद ठेवलेल्या हीटरच्या आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दमट होते आणि सुरू करताच आरसीसीबी पडतो. लोक तेव्हा आरसीसीबीच काढून टाकतात! तसं न करता हीटर सुटा करून कोरड्या जागी हलक्या आचेवर वाळवा.

यंत्र शिळ्या माशाला वाचवू शकत नाही. बांगडा, कुपा यांसारखे मासे उन्हात पडून राहिले की त्यात हिस्टामिन हे विषबाधा करणारं द्रव्य तयार होतं आणि ते भाजून नष्ट होत नाही. अर्धवट सुकलेला मासा व्हॅक्यूम पॅक करून बाहेर ठेवणं तर आणखी धोक्याचं, कारण हवेविना बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढतात.

सुकलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. ट्रेच्या चौकटीखाली एक लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर) बसवा. वरच्या उदाहरणात वजन तीन किलोखाली येईपर्यंत यंत्र थांबवायचं नाही, आणि मासा पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरायचा नाही.