थंडीतही बर्फ चावावासा वाटतो? आधी फेरिटिन तपासा

तुम्ही लिहिलंय की बायको ३८ वर्षांची आहे, सहा महिन्यांपासून रोज रात्री वाटीभर बर्फ कडाकडा चावून खाते, डिसेंबरातही थांबली नाही, आणि ही अंगातली उष्णता असेल का. वर सब्जा, गुलकंद, धण्याचं पाणी असे सल्ले आलेत. ते खुशाल द्या, पण माझी कळकळीची विनंती आहे, या आठवड्यात तिचं रक्त तपासून घ्या. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि त्यासोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप.

मी यातून गेले आहे. तेव्हा मी ४२ वर्षांची होते. मला गार पाणी नको असायचं, बर्फच हवा असायचा. आमचा फ्रीज जुना, एका दाराचा. फ्रीजरच्या कडेला साचलेला भुसभुशीत बर्फ मी चमच्याने खरवडून खायचे, आणि घरी येताना लोकलमध्येच त्याची आठवण यायला लागायची. जिना चढताना धाप लागायची, केस गळत होते. ते सगळं मी वयावर ढकललं. शेवटी दाढेचा टवका उडाला तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बर्फ खाता का? मग रक्त तपासा." हिमोग्लोबिन ८.९ निघालं, फेरिटिन ५.

या ओढीला पॅगोफेजिया म्हणतात. जे अन्न नाही ते खावंसं वाटणं, म्हणजे पायका, त्याचाच हा एक प्रकार. आपल्या घरांतून हे नवीन नाही. कच्चे तांदूळ खाणाऱ्या मुली, पाटीवरची पेन्सिल खाणारी पोरं, भाजक्या मातीचे डोहाळे लागलेली गर्भवती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पुष्कळदा मुळाशी लोहाची कमतरता असते, आणि बर्फाचं तिच्याशी नातं तर फारच जवळचं आहे.

गंमत वाटेल, पण बर्फात लोह नसतंच. मग शरीर तो का मागतं, यावर अजून एकमत नाही. लोह कमी झालं की जीभ गुळगुळीत होते, हुळहुळते, तिला गारव्याने बरं वाटतं, असं काही जण मानतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेलिसा हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली वेगळं मांडलं. त्यांनी लोकांना बर्फ किंवा कोमट पाणी देऊन एकाग्रतेची चाचणी घेतली. लोहाअभावी ॲनिमिया असलेल्यांचा वेग बर्फाने सुधारला, निरोगी लोकांना काहीच फरक पडला नाही. गारव्यामुळे मेंदूकडे रक्त जास्त जात असावं, असा त्यांचा अंदाज. मला हे पटतं, कारण बर्फ चावला की डोक्यावरचं मळभ थोडा वेळ हटायचं.

फेरिटिनचा आग्रह यासाठी की ते साठ्याचं माप आहे. हिमोग्लोबिन १२ च्या वर, म्हणजे "नॉर्मल", आणि साठा मात्र रिकामा, असं होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटना १५ च्या खाली कमतरता धरते, पण बरेच डॉक्टर ३० च्या खालीच सावध होतात. ताप किंवा सूज असेल तर हा आकडा खोटा वाढतो, तेव्हा तेही सांगा. आणि तपासणीआधी दुकानातून लोहाच्या गोळ्या आणू नका. थॅलेसेमिया मायनर या रक्ताच्या आनुवंशिक दोषातही तांबड्या पेशी लहानच दिसतात, पण तिथे लोह कमी असेलच असं नाही.

यात एकटी तुमची बायको नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. पण म्हणून "बायकांना असतंच" म्हणत सोडून देऊ नका. लोह कुठे जातंय हे शोधावंच लागतं. मला गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी होत्या. दोन-दोन तासांनी पॅड बदलणं मला नेहमीचं वाटायचं, कारण आई आणि मावशीलाही तसंच होतं. बायकोला पाळीबद्दल मोकळेपणाने विचारा, मूळव्याधीबद्दलही. हीच तक्रार पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला असेल, तर पोटातून, आतड्यातून रक्त जात नाही ना, हे तपासल्याशिवाय राहू नये.

गोळ्या सुरू झाल्या तर चहा-कॉफी आणि कॅल्शियमची गोळी त्यांच्यापासून लांब ठेवा, लिंबूपाणी चालेल. शौचाला काळं होईल, घाबरू नका. मळमळलं तर एक दिवसाआड घेऊ का, असं डॉक्टरांना विचारा. एका गोळीनंतर हेप्सिडिन हे संप्रेरक दिवसभर वाढलेलं राहतं आणि पुढच्या गोळीतलं लोह नीट शोषू देत नाही. नुसत्या पालक-गुळाने रिकामा साठा भरत नाही.

माझी बर्फाची ओढ नवव्या दिवशी गेली, हिमोग्लोबिन वाढायच्या आधीच. बऱ्याच जणांना असाच अनुभव येतो, आणि बरं वाटलं म्हणून तिथेच गोळ्या बंद करतात. हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही साधारण तीन महिने त्या घ्याव्या लागतात.

तोवर बर्फावरून तिला बोलू नका, ट्रे लपवू नका. फक्त चावण्याऐवजी चोखायला सांगा, म्हणजे दाढा वाचतील.